उजवे पाय नसलेली अक्षरं

भिंगकाकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की घरच्यांच्या जिवावर यायचं. डॉक्टर भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून विचारायचे, तिसरी ओळ दिसते का. काकू सांगायच्या, दिसते. पण तिसऱ्या ओळीतला 'आर' वरच्या दोन ओळींच्या घराण्यातला नाही, कुणीतरी तो दुसरीकडून उचलून आणून बसवलाय, आणि असल्या तक्त्यावर लोकांचे नंबर काढत असाल तर कठीण आहे. डॉक्टरांनी एकदा चिडून तक्ता बनवणाऱ्यांना पत्र धाडलं. उत्तर आलं की होय, एक अक्षर बदललं होतं, पण हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून डॉक्टर काकूंना तक्ता दाखवत नाहीत. नुसती बोटं धरतात आणि किती ते विचारतात.

काकूंचा छापखाना एका अरुंद गल्लीच्या टोकाला, तीन मजली इमारतीच्या तळाशी. पुढच्या खोलीत काउंटर, मधल्या खोलीत दोन यंत्रं, आणि मागच्या खोलीत अक्षरांचे खण, म्हणजे उथळ आणि रुंद ड्रॉवरची लाकडी कपाटं. मागचं दार उघडलं की वरच्या मजल्यांकडे जाणारा दगडी जिना लागतो. हा जिना लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम आहे. आता बरीचशी छपाई संगणकावर होते, पण मोठमोठी लाकडी अक्षरं काकूंनी टाकली नाहीत. तरुण मंडळींना हल्ली त्यांचंच अप्रूप वाटतं, त्यामुळे खण अधूनमधून उघडतात.

पण काकूंचं नाव झालं ते छपाईमुळे नव्हे. दर्शनी काचेवर एक पाटी आहे, 'अक्षर ओळखून मिळेल'. कुणी जुन्या डब्याचं झाकण घेऊन येतं, कुणी पणजोबांच्या दुकानाचा फोटो, कुणी बाटलीवरचं अर्धं लेबल, आणि विचारतं की हा टाईप, म्हणजे अक्षराचं घराणं, कोणता. काकू गळ्यातलं भिंग डोळ्याला लावतात, कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरतात आणि नाव सांगतात. कागद उलटा का, तर लाकडात किंवा शिशात कोरलेलं अक्षर उलटंच असतं आणि काकूंचा जन्म ते उलटं वाचण्यात गेला. सुलट अक्षराला त्या ओळखतात. उलट्या अक्षराशी त्यांची मैत्री आहे. संगणकही हे काम करतो म्हणे. पण संगणक पाच नावं सांगून 'यातलं एखादं असेल' म्हणतो, आणि काकू एकच नाव सांगून पुढच्या कामाला लागतात. पाटी लावल्याला बावीस वर्षं झाली आणि 'ओळखू येत नाही' हे वाक्य त्या काचेआड कुणी ऐकलं नव्हतं.

भिंग मुळात काकूंच्या सासऱ्यांचं. छापखाना त्यांनी काढला, आणि डोळे मिटण्याआधी भिंग धाकट्या सुनेच्या हातात ठेवलं. थोरल्या सुनेच्या हातात काउंटरच्या किल्ल्या ठेवल्या. वाटणी तशी बरोबर होती, कारण थोरल्या जाऊबाईंचा आवाज खणखणीत, हस्ताक्षर सुरेख, आणि कुठलाही फॉर्म त्या असा भरतात की सरकारी माणसालाही खोट काढता येऊ नये. पण भिंग ते भिंगच. थोरल्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही असं म्हणता येणार नाही, कारण त्या आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवायच्या. एकतीस वर्षं दोघी एका छताखाली काम करत होत्या. एकीवाचून दुसरीचं पान हलत नव्हतं, आणि एकीचं दुसरीला पटतही नव्हतं. काकूंचा नवरा मधल्या खोलीत यंत्र चालवायचा आणि दोन्ही बाजूंनी काहीही विचारलं तरी 'हं' म्हणायचा. एवढ्या वर्षांत त्याचं कुणाशी भांडण झालं नाही, ते याच अक्षरावर.

आता त्या जिन्याबद्दल. छापखान्यात सगळे दुपारी मागच्या खोलीत, दगडाच्या मोठ्या टेबलाशी बसून डबा खातात. सगळे म्हणजे थोरल्या सोडून. थोरल्या आपला डबा घेऊन मागच्या दाराबाहेर जातात, दार लावून घेतात आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून जेवतात. नव्या माणसाला हे विचित्र वाटायचं. मग कुणीतरी त्याला उंदीर प्रकरण सांगायचं. प्रकरण थोडक्यात असं, की फार वर्षांपूर्वी थोरल्यांना काम करता करता बिस्किटं खायची सवय होती. चुऱ्यापायी खणांत उंदीर आले आणि सासऱ्यांच्या सगळ्यात लाडक्या लाकडी अक्षरांमधली नऊ अक्षरं कुरतडून गेले. सासऱ्यांनी थोरल्यांना खोलीत अन्न आणायची कायमची बंदी केली. एक मांजरही आणलं, पण ते खणातच झोपायचं आणि उंदीर काही त्याने आयुष्यात पाहिला नाही. सासरे गेले, मांजर गेलं, बंदी मात्र उठली नाही, कारण ती उठवायची कुणी हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

एका सोमवारी सकाळी एक मुलगी आली. गोल चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं भरभर. ती लोगो बनवायचं काम करत होती. गाद्या बनवणाऱ्या एका नव्या कंपनीसाठी तिने चार अक्षरांचा लोगो केला होता आणि तो सगळ्यांना बेहद्द आवडला होता. अक्षरं तिची स्वतःची नव्हती. भंगाराच्या दुकानात तिला एक जुनं पोस्टर मिळालं होतं, खालचा भाग फाटलेला, त्यामुळे छापखान्याचं नाव नाही. त्याच्या मथळ्यातली चार अक्षरं तिने जशीच्या तशी उचलली. आता कंपनीचा वकील म्हणत होता, लोगोची नोंदणी करण्याआधी हा टाईप कुणाचा ते सांगा, नाहीतर उद्या कुणीतरी दावा लावेल. शुक्रवारी दुपारपर्यंत नाव हवं, नाहीतर लोगो रद्द आणि तिचं कामही गेलं.

तिने सगळीकडे विचारून पाहिलं होतं. या टाईपचं वैशिष्ट्य असं, की अक्षराच्या टोकांना जी बारीक आडवी पट्टी असते, जिला या छापखान्यात पाय म्हणतात, ती या अक्षरांना फक्त डावीकडे होती. उजवा काठ सपाट, जणू अक्षर अर्ध्यात कपडे बदलून आलंय. जाणकारांच्या मते हा एक दुर्मीळ प्रायोगिक संकर होता. एका प्राध्यापकांनी तर दीड पान लिहून पाठवलं होतं, की डावी बाजू परंपरा आहे आणि उजवी बाजू तिच्याविरुद्धचं बंड, आणि हे कोरणारा माणूस त्याच्या काळाच्या पन्नास वर्षं पुढे होता. मुलीने ते दीड पान वाचून दाखवलं. काकू मान डोलावत ऐकत होत्या, कारण प्राध्यापकांचं म्हणणं ऐकताना मान डोलवायची असते.

"आणि हे बघा," मुलगी म्हणाली, "'एच'च्या उजव्या खांबाला कमरेवर ही तिरकी खाच आहे. मी ती मुद्दाम तशीच ठेवली. इथे अक्षर श्वास घेतं."

काकूंनी सवयीने कागद उलटा करून खिडकीशी धरला आणि भिंग लावलं. एकतीस वर्षांनी तो 'एच' त्यांच्याकडे उलट्या बाजूने बघत होता.

त्यांनी कागद खाली ठेवला आणि मुलीला सांगितलं, शुक्रवारी बारा वाजता ये. मुलगी आनंदाने गेली. पण काउंटरमागे थोरल्यांचं लिहिणं थांबलं होतं. बावीस वर्षांत काकूंनी कुणाकडे दोन मिनिटांहून जास्त वेळ मागितला नव्हता, आणि आज चार दिवस मागितले होते. थोरल्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, की नजर म्हातारी होते त्यात लाज कसली, सगळ्यांचीच होते. काकू म्हणाल्या, की नजरेला काही झालेलं नाही. मग पैज लावू, असं थोरल्या म्हणाल्या. शुक्रवारी बारापर्यंत टाईपचं खरं नाव-गाव सांगितलंस तर मी भिंगाबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार नाही, नाही सांगितलंस तर भिंग माझ्या गळ्यात. काकूंनी तोऱ्यात हो म्हटलं. दुसरं काही म्हणण्याची सोय नव्हती.

आता खरं काय ते सांगायला हवं. नऊ अक्षरं उंदरांनी कुरतडली नव्हती. ती काकूंनी कानशीने घासली होती.

लग्न होऊन तीन महिने झाले होते. सासऱ्यांनी नव्या सुनेला अक्षरं जुळवायला शिकवलं होतं आणि सूनही हुशार, त्यामुळे तिच्या डोक्यात थोडी हवा गेली होती. एका दुपारी भाजीपाला आणि फुलांच्या प्रदर्शनाचं पोस्टर छापायचं होतं. सासरे कागद आणायला गेलेले, थोरल्या बाजारात, नवरा यंत्राशी. काकूंनी लाडक्या लाकडी संचातून नऊ अक्षरांचा इंग्रजी मथळा जुळवला, लोखंडी चौकटीत बसवायला गेल्या, तर ओळ दोन बोटं लांब. सासऱ्यांचा नियम एकच होता, आणि तो ते रोज सकाळी सांगायचे: अक्षराला हात लावायचा नाही, ओळ बसत नसेल तर आपण लहान व्हायचं. म्हणजे लहान आकाराची अक्षरं घ्यायची. पण लहान संच दुसऱ्या यंत्रावर अडकलेला, गिऱ्हाईक तासाभरात येणार, आणि 'जमलं नाही' असं सासऱ्यांना सांगण्यापेक्षा काकूंना विहीर जवळ करावीशी वाटली. त्यांनी हिशेब केला: नऊ अक्षरं, प्रत्येकाचा छापात उजवीकडे येणारा काठ जरासा घासला की झालं दोन बोटांचं काम. आठ अक्षरं झाली. नववा 'एच' हातात होता तेव्हा पुढच्या दारात सासऱ्यांचा खोकला ऐकू आला आणि कानस सटकली. अक्षराने जिथे श्वास घेतला असं ती मुलगी म्हणत होती, तिथे खरं तर काकूंचा श्वास अडकला होता.

पोस्टर झकास निघालं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी खण उघडला. त्यांनी हाक मारली तशा काकू गेल्या आणि तोंडाला येईल ते बोलल्या, की बाबा, उंदीर असतील. सासऱ्यांनी भिंग लावून अक्षरं पाहिली, बराच वेळ पाहिली. मग सुनेकडे पाहिलं. मग शेजारच्या स्टुलाखाली पडलेला बिस्किटांचा चुरा पाहिला आणि थोरलीला बोलावून तो 'एच' तिच्या नाकासमोर धरला. काकू कपाटाला टेकून उभ्या होत्या. त्या बोलल्या असत्या तर दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं. पण त्यांना वाटलं, आज नको, बाबांचा राग उतरला की सांगू. राग उतरला तेव्हा वाटलं, आता कशाला उगाच. वर्ष गेलं, दहा गेली, आणि असल्या गोष्टीचं असं असतं की ती जितकी जुनी होते तितकी सांगायला जड होते. दुपारी मागचं दार लागलं की काकू दाराकडे पाठ करून बसायच्या. मग सवय झाली. हे काकूंनी स्वतःशी कधी कबूल केलं नव्हतं, पण सवय झाली होती.

तर आता पेच असा. खरं सांगावं तर पैज जिंकली, भिंग वाचलं, पण एकतीस वर्षांचं पाप काउंटरवर मांडावं लागणार, तेही थोरल्यांच्या समोर. नाही सांगावं तर भिंग जाणार, पाटी उतरणार, आणि त्या पोरीचं कामही. मंगळवारभर काकूंना काही सुचलं नाही. बुधवारी त्यांनी नवऱ्याला विचारलं, की समजा एखाद्याने फार पूर्वी काही केलं असेल आणि दुसऱ्याच्या नावावर खपवलं असेल तर काय करावं. नवरा 'हं' म्हणाला. गुरुवारी काकूंना तिसरा रस्ता सापडला. थाप मारायची, आणि मारायचीच तर अशी मारायची की वकिलाच्या डोळ्यांत पाणी यावं.

शुक्रवारी बाराला पाच कमी असताना मुलगी आली. थोरल्या काउंटरमागे नव्हत्या हे पाहून काकूंना हायसं वाटलं. त्यांनी मुलीला स्टुलावर बसवलं आणि सुरुवात केली. एक होता परदेशी कारागीर, समुद्रापलीकडचा. तरुणपणी घोड्यावरून पडला आणि उजवा पाय गमावून बसला. पुढे लाकडी अक्षरं कोरायला लागला, पण दुःख असं खोल, की हातून अक्षराला उजवा पाय कोरलाच जाईना. आयुष्यात एकच संच केला. त्याच्या मागे कुणी नाही, वारस नाही, त्यामुळे दावा लावायला कुणी येणार नाही. आणि संच? संच आगीत गेला. मुलगी भराभर लिहून घेत होती. तिने चष्मा काढून डोळे पुसले तेव्हा काकूंना जरा लाज वाटली, पण जराच, कारण गोष्ट त्यांनाही आवडायला लागली होती. त्या कारागिराला एक बहीण द्यावी का, असा त्या विचार करत होत्या.

तेवढ्यात मागच्या खोलीतून थोरल्या आल्या. केसांत जळमटं, हातांना धूळ, आणि दोन्ही हातांत एक जाड कागदाचं पुडकं. चेहरा असा फुललेला की काकूंनी तो तसा कधी पाहिला नव्हता.

"घोडा नाही आणि परदेश नाही," थोरल्या म्हणाल्या. "सोमवारी तो कागद बघताक्षणी मी ओळखलं. ही खाच मी मरेपर्यंत विसरणार नाही, बाबांनी माझ्या नाकासमोर धरली होती. तू एवढी भिंग लावून बसतेस, तुला नाही ओळखता आलं?"

त्यांनी पुडकं काउंटरवर ठेवलं आणि मुलीला समजावून सांगितलं, की बाई गं, हा टाईप उंदरांनी केलेला आहे. उंदीर या खोलीतलेच, आणि ते पोसले गेले त्यांच्या बिस्किटांवर. एकतीस वर्षं त्या जिन्यात बसून जेवल्या या गुन्ह्यासाठी, आणि आज कळतंय की तो गुन्हा नव्हताच, ती कला होती. तेव्हा वकिलाच्या कागदावर उंदरांच्या खालोखाल त्यांचं नाव लागायला हरकत नाही. मुलीने आधीची पानं शांतपणे खोडली. काकू स्टुलाला धरून उभ्या होत्या. पैज हरलो याचं त्यांना काही वाटत नव्हतं. थोरल्या इतक्या खूश होत्या, तेच त्यांना बघवत नव्हतं.

पुडकं सासऱ्यांच्या खणाच्या अगदी तळाला, जुन्या पावत्यांखाली होतं. थोरल्यांनी सुतळी सोडली. नऊ अक्षरं निघाली, वर तो 'एच'. आणि अक्षरांवर घडी घातलेली एक चिठ्ठी, सासऱ्यांच्या बारीक, सरळ अक्षरात. थोरल्यांनी ती काउंटरच्या खणखणीत आवाजात वाचायला घेतली.

"उंदीर दोन पायांचा आहे. कानस वापरतो. नजर उत्तम, धीर कमी." थोरल्यांचा आवाज खाली येत गेला. "धाकटी आपण होऊन सांगेल, वाट पाहावी. थोरलीने जिन्यात जेवणे तूर्त चालू ठेवावे. खणांत चुरा खरोखरच पडतो."

मधल्या खोलीत यंत्र थांबलं. काकूंचा नवरा दारात येऊन उभा राहिला आणि या वेळी त्याने 'हं'सुद्धा म्हटलं नाही. थोरल्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा, मनात वाचली. मग ती होती तशी घडी घालून ठेवली.

"म्हणजे बाबांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त जिन्यात बसलेल्या बाईला."

काकूंनी मग सगळं सांगितलं. ओळ कशी लांब होती, खोकला कसा आला, सांगायचं कसं राहून गेलं. रडू आलं तेही त्यांनी आवरलं नाही. ताई, मी चुकले, असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा म्हणताना गळ्यातलं भिंग काढून काउंटरवर ठेवलं. पैज त्या हरल्याच होत्या. बारा वाजून गेले होते आणि तोवर त्यांनी सांगितलं होतं ते फक्त घोड्याबद्दल.

थोरल्यांनी भिंग उचललं, उलटसुलट पाहिलं आणि गळ्यात घातलं. मग मुलीकडे वळून वकिलाचा फॉर्म मागितला. बिचारी मुलगी स्टुलाच्या कडेवर अवघडून बसली होती. एखाद्याच्या घरात भलत्या वेळी शिरल्यावर माणूस बसतो तशी. थोरल्यांनी पेनाचं टोपण काढलं. टाईप कुणी केला, या रकान्यात त्यांनी धाकट्या जावेचं पूर्ण नाव लिहिलं, सुरेख अक्षरात, एकही खाडाखोड न करता. वापरायला परवानगी आहे, असं लिहून सही करायला कागद पुढे सरकवला. काकूंनी मुकाट्याने सही केली. टाईपचं नाव, या रकान्यावर थोरल्या जरा थांबल्या, मग लिहिलं: 'जिना'.

मुलीला नाव फार आवडलं. ती म्हणाली, चढत जाण्याची भावना आहे यात, कंपनीला पटेल. कुणी तिची समजूत दुरुस्त केली नाही.

मुलगी गेल्यावर थोरल्यांनी निकाल सांगितला. एकतीस वर्षांचे एकतीस दिवस. उद्यापासून धाकटी जिन्यात जेवेल, दार लावून. थोरल्या आत जेवतील, दगडाच्या टेबलाशी, बाबांच्या खुर्चीत. काकूंनी मान हलवली. शिक्षा त्यांना कमीच वाटली, आणि त्या तसं बोलल्याही. थोरल्या म्हणाल्या, आधी बस तर खरी.

आणि शनिवारी काकू बसल्या. पहिली गोष्ट त्यांना कळली ती ही, की दुसरी पायरी बाराही महिने गार असते. दुसरी ही, की वरच्या मजल्यावरचे लोक जाता-येता डब्यात डोकावतात. पण तिसरी गोष्ट कळायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी कुणी गिऱ्हाईक आत हसलं, तेव्हा कळलं की दार लावलं तरी आतलं हसणं बाहेर स्वच्छ ऐकू येतं. शब्द कळत नाहीत, कशावरून हसताहेत ते कळत नाही, फक्त हसणं येतं. एकतीस वर्षं जेवताना आपण किती हसलो असू, कितीदा थोरल्यांच्याच नकला करून, ते काकूंना आठवायला लागलं. त्या दिवशी त्यांनी डबा अर्धाच खाल्ला.

आत थोरल्यांनी पहिले दोन दिवस राजेशाही थाटात काढले. भिंग लावून प्रत्येक बिस्किट तपासून खाल्लं. धाकट्या दिराला विचारलं, की खुर्ची कशी दिसते आपल्याला. दीर 'हं' म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा काही विचारलं, पुन्हा 'हं'. आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की या माणसाबरोबर जेवणं म्हणजे कपाटाबरोबर जेवणं आहे, आणि आपण ज्या हसण्याला इतकी वर्षं मुकलो ते सगळं धाकटीचं होतं. ते तर आता दाराबाहेर होतं. मध्ये एक गिऱ्हाईक जुन्या पेटीवरचं अक्षर घेऊन आलं. थोरल्यांनी ऐटीत भिंग लावलं, कागद उलटा धरला, सुलट धरला, आणि शेवटी त्याला जिन्यात पाठवून दिलं. काकूंनी तोंडातला घास गिळत, भिंगावाचून नाव सांगितलं.

नवव्या दिवशी काकू डबा उघडतच होत्या तेव्हा मागचं दार करकरलं. थोरल्या बाहेर आल्या, एका हातात डबा, दुसऱ्या हातात बिस्किटांचा पुडा. त्यांनी दार ओढून घेतलं. भिंग काढून काकूंच्या गळ्यात घातलं आणि म्हणाल्या, की दोरी मानेला टोचते.

"सरक तिकडे," त्या म्हणाल्या. "आणि चुरा सांडू नकोस. उंदीर येतात."